पांढऱ्या रंगाखालचे वण

९ जानेवारी

प्रिय शाईबाई,

प्रभूत सलाम. फोन सोडून पत्र का, असं विचारू नकोस. फोनवर तू 'हो आत्या, हं आत्या' करत दुसरीकडे रेघा मारत असतेस, ते मला इथे ऐकू येतं. पत्र वाचताना तरी हातातला कुंचला खाली ठेवशील.

दोन रविवारांपूर्वी माझ्या संडे स्कूलच्या वर्गात मी चोरी पकडली. बारा मुलं, आणि बाराही माना गीतपुस्तकात खुपसलेल्या. एवढी भक्ती माझ्या वर्गाने एकतीस वर्षांत दाखवली नव्हती, म्हणूनच मला संशय आला. मागच्या बाकांकडे जाऊन बघते तर गीतपुस्तकांच्या पोटात कॉमिकं! 'रखवालदार'च्या नव्या मालिकेची, अगदी अंक सदतीसपर्यंत. मी सगळी जप्त केली आणि दुकानात आणून मशीनशेजारी आपटली.

दुपारी एकीच्या झग्याला काजं करता करता सहज एक उघडलं. मुलांच्या डोक्यात काय कचरा जातोय ते बघावं म्हटलं. दुसऱ्याच पानावर माझा हात थांबला. एक म्हातारी बाई ओला पदर पिळतेय, आणि त्या पदराच्या चुण्या अगदी जिथे पडायला हव्यात तिथेच पडल्यात. अशा चुण्या आपल्या घरातलं माणूसच काढू शकतं. पहिलं पान उलटून पाहिलं तर खाली बारीक अक्षरांत तुझं नाव! अगं, तू कॉमिकं करतेस हे माहीत होतं, पण असं करतेस हे कुठे माहीत होतं? समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला मी ते पान तीनदा दाखवलं. तिचं माप घ्यायचं राहून गेलं.

मग मी ती सगळीच वाचून काढली. तुझा रखवालदार मला आवडला. दिवसा लिफ्ट दुरुस्त करतो, कोणी त्याला धड आभारही म्हणत नाही. पडता पूल खांद्यावर घेऊ शकतो, पण जे उचलतो त्याचं पूर्ण वजन त्याला सोसावं लागतं, हे फार चांगलं आहे. फक्त त्याच्या अंगातल्या झग्याची शिवण एकेरी आहे. वाऱ्यात उडायचं काम असेल तर दुहेरी शिवण हवी, आणि बगलेत तिकोनी कापडाची कळी हवी, नाहीतर हात वर केला की उसवणार. तुमच्याकडे कोणी शिंपी नाही का?

गेल्या रविवारी मी कॉमिकं मुलांना परत दिली आणि विचारलं, "हा एवढा ताकदवान, तर मग लिफ्टवाल्याचा डगला घालून का फिरतो?" गोट्या म्हणाला, "शत्रूला कळू नये म्हणून." आमची चष्मिष, वय वर्षं दहा, म्हणाली, "नाही. मोठा म्हणून आला तर लोक त्याला जिन्यातूनच हात जोडतील, पण घरात घेणार नाहीत." मग मी म्हटलं, आता सांगा, आपलं सगळं मोठेपण मागे ठेवून सुताराच्या घरात रंधा मारायला कोण बसला होता? आणि मग बाराही हात वर!

पुढच्या अंकात काय होणार ते कळव. धडा आधी बांधून ठेवते.

तुझी आत्या

२१ जानेवारी

प्रिय आत्या,

सलाम. तुझं पत्र मी टेबलासमोरच्या भिंतीला टाचून ठेवलंय. कळीचा मुद्दा मी आमच्या पेन्सिलवाल्यांना वाचून दाखवला. पंधरा वर्षं ते रखवालदार काढतायत. आधी हसले, मग आरशासमोर उभं राहून हात वर केला, आणि आता ते गंभीर झालेत. नवा झगा काढतील तेव्हा बगलेत कळी असेल. तू छापखान्यात पोचलीस, आत्या.

माझ्या कामाबद्दल एकदा नीट सांगते, कारण बाबा अजूनही लोकांना 'ती ऑफिसात आहे' एवढंच सांगतात. लेखक गोष्ट लिहितात. पेन्सिलवाले चित्र काढतात. मग पान माझ्याकडे येतं. टाक आणि कुंचला घेऊन मी त्यावर शाई चढवते, आणि शाई वाळली की खालची पेन्सिल खोडून टाकते. म्हणजे छापून येते ती प्रत्येक रेघ माझ्या हातची असते. इथले काही लोक आम्हाला 'गिरवणारे' म्हणतात. म्हणोत बापडे. पेन्सिलीत तो पदर म्हणजे नुसत्या चार तिरक्या रेघा होत्या. त्याला पाणी मी पाजलं.

पुढच्या अंकाचं मात्र विचारू नकोस. करारात आमची जीभ बांधलेली आहे. घरच्यांनाही सांगायचं नाही, असं स्पष्ट लिहिलंय.

तुझा वर्ग ऐकून मला किती बरं वाटलं ते सांगता येत नाही. इथे येऊन चर्चला जाणं कमी झालंय, खोटं बोलत नाही. पण सहा वर्षं एकाच माणसाला शाई चढवतेय. दुसऱ्याचं ओझं आपल्या खांद्यावर घेणारा माणूस. त्याचा चेहरा काढताना आपण कोणाला आठवतोय, हे मी इथे कोणाला बोलले नव्हते. तू न विचारताच ओळखलंस.

तुझी शाईबाई

१८ फेब्रुवारी

प्रिय शाईबाई,

मेला गं तो! आणि तू मूग गिळून बसलीस!

बोगदा कोसळतोय, आत आगगाडी, गाडीत तीनशे माणसं आणि त्यांच्यातच तो काजळ्या, ज्याने याला दहा अंक छळलं. रखवालदार छत खांद्यावर घेतो. काजळ्याला बघतो. एका क्षणाची गोष्ट, सोडून दिलं असतं तरी कोणी बोललं नसतं. आणि म्हणतो काय, "तूही जा." बस, एवढंच. शेवटच्या चौकटीत धूळ, आणि धुळीतून बाहेर आलेला एक तळहात. तो हात तू काढलायस. मी अर्धा तास बघत बसले होते.

रविवारी वर्गात ते पान मोठ्याने वाचलं. जुळ्या बहिणी रडल्या. गोट्या रडला नाही असं गोट्याचं म्हणणं आहे. मी म्हटलं, मित्रासाठी जीव देणारे पुष्कळ सापडतील, शत्रूसाठी देणारा कोण? मग शुभवर्तमान उघडलं, आणि मी सांगते तुला, क्रूसाची गोष्ट त्या मुलांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकली.

आता वाईट बातमी. चष्मिषची आई गेली. महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात, चार दिवसांच्या तापाने. पोर दोन रविवार आली नाही. परवा आली ती बापाचा हात धरून, आणि कोपऱ्यात बसली. पण रखवालदाराचं पान वाचायला लागले तशी ती एक एक बाक पुढे सरकत आली. शेवटी माझ्या गुडघ्याशी बसली आणि म्हणाली, "बाई, परत वाचा."

आणि दुसरी गंमत. मंडळीचे सेक्रेटरी दाराआड उभे राहून ऐकत होते. नंतर म्हणाले, "बाई, उपासनामंदिरात हे कॉमिकातले मुखवटेवाले?" मी म्हटलं, "साहेब, प्रभूने बी पेरणाऱ्याची गोष्ट सांगितली, कारण समोर शेतकरी होते. माझ्यासमोर हे बारा आहेत." नाकावर टिच्चून सांगितलं. ते वहीत काहीतरी लिहून गेले.

तुझा मला अभिमान वाटतो, हे एकदा लिहूनच टाकते.

तुझी आत्या

१ मार्च

प्रिय आत्या,

चष्मिषबद्दल वाचलं. तिला माझ्याकडून जवळ घे.

एक विनंती आहे. रखवालदार हा शेवटी कागदाचा माणूस आहे. त्याच्यावर धड्याचा फार भार टाकू नकोस. माझा पगार त्यावर चालतो म्हणून मला माहीत आहे, त्याच्या गोष्टी दर महिन्याला नवी दिशा घेतात. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

तुझी शाईबाई

२४ एप्रिल

प्रिय शाईबाई,

तुझी ती विनंती मिळाली आणि मला राग आला, म्हणून उत्तराला एवढा उशीर. मला वाटतं तुला तिथल्या लोकांत लाज वाटते. आत्याने तुझ्या चित्रांतून प्रभूचं नाव काढलं, हे कोणाला कळलं तर? वाटू दे लाज. मला वाटत नाही.

आणि 'कागदाचा माणूस' हे तुझं म्हणणं मी पुनरुत्थानाच्या रविवारी बरोबर कामाला लावलं. मुलांना विचारलं, "रखवालदार गेला. परत येईल का?" अर्धे हो म्हणाले, अर्धे नाही. मी फळ्याच्या मधोमध रेघ मारली आणि ठणकावून सांगितलं, "येणार नाही. तो कागदाचा माणूस. कागदाचा माणूस गेला तो गेला. प्रभू मात्र उठला. हाच फरक, आणि हाच आपला विश्वास." एवढ्या सोप्या शब्दांत आमच्या पाळकांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी स्वतःच तसं म्हटलं, मी नाही.

चष्मिषने ते वाक्य वहीत लिहून घेतलं. ती आता सगळ्यांत आधी येते, बाक पुसते. मला म्हणाली, "बाई, तुम्ही जे सांगता ते खरंच असतं ना?" मी म्हटलं, "एकतीस वर्षं खोटं सांगून कोणी टिकतं का?"

सेक्रेटरींनी ठरवलंय की जुलैत मंडळीचे पंच वर्गाला भेट देणार, मुलांना प्रश्न विचारणार, आणि उत्तरं पटली नाहीत तर वर्ग दुसऱ्या कोणाकडे देणार. येऊ देत. माझी मुलं त्यांना गप्प करतील.

तू दोन ओळी लिहायला काय घेशील?

तुझी आत्या

७ जून

शाईबाई,

तुला माहीत होतं.

एप्रिलमधलं माझं पत्र तू वाचलंस, फळ्यावर रेघ मारून मी काय सांगितलं ते वाचलंस, आणि गप्प बसलीस. लाज वगैरे काही नव्हती. तुला माहीत होतं की तो परत येणार आहे.

अंक बेचाळीस आठवड्यापूर्वी शनिवारी आला. ढिगाऱ्यातून उभा राहतो, अंगावर नवा झगा, बगलेत माझी कळी, आणि चेहऱ्यावर एक ओरखडा नाही. जणू सुट्टीवर गेला होता! रविवारी वर्गात पाय ठेवला तर मुलं टाळ्या वाजवत होती. मी पुनरुत्थानाचं नाव काढलं तसा गोट्या जांभई देत म्हणाला, "त्यात काय बाई, रखवालदारपण आला की. माझा दादा सांगतो, तो याआधीही एकदा आलाय." मला तोंडात मारल्यासारखं झालं. एकतीस वर्षांत माझ्या वर्गात त्या गोष्टीवर कोणी जांभई दिली नव्हती.

पण तेही सोड. चष्मिष टाळ्या वाजवत नव्हती. ती बोटं मोजत होती. मला म्हणाली, "बाई, तो चार महिन्यांत आला. आई त्याच्या आधी पंधरा दिवस गेली. म्हणजे ती आधी यायला हवी. उशीर का होतोय?"

तिच्या बापाला नंतर विचारलं. पोरगी शनिवारपासून आईच्या चपला दाराशी मांडून ठेवते.

मी तिला बाजूला घेऊन खरं ते सांगितलं. म्हटलं, बाळ, आई या घरात परत येणार नाही. एक दिवस प्रभू आपल्या सगळ्यांना उठवील, तेव्हा तू तिला भेटशील. पण इथे, या दारातून, नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी विसरणार नाही. म्हणाली, "तुम्ही रखवालदाराबद्दलपण 'येणार नाही' म्हणाला होतात."

फळ्यावर मीच रेघ मारली होती. तिने वही मिटली आणि निघून गेली. आज ती वर्गाला आली नाही.

पंच जुलैत वर्ग काढून घेतील तर घेवोत. या पोरीने दाराशी चपला मांडल्यात त्या माझ्यामुळे, हे मला गिळवत नाही. तुझा रखवालदार चांगला होता गं. तुम्ही त्याला मेलेला राहू का दिलं नाहीत?

आत्या

१५ जून

प्रिय आत्या,

हो. मला माहीत होतं. तो मरायच्या आधीपासून माहीत होतं. मरण्याचं पान आणि परत येण्याचं पान एकाच आठवड्यात लिहून झालं होतं. तुझं एप्रिलचं पत्र आलं तेव्हा मी तीन वेळा उत्तर लिहायला बसले आणि तीन वेळा कागद फाडला. करार होता हे खरं, पण करारामागे लपणं सोपं होतं हेही खरं. एक ओळ लिहिली असती, 'आत्या, ती रेघ पूस', तरी तू समजली असतीस. चुकले.

तो परत का आला ते विचारलंस. वाचकांना तो हवा असतो, म्हणून. हेच खरं उत्तर. आमच्याकडे कोणी कायमचं मरत नाही, आणि म्हणूनच आमच्याकडच्या मरणाला वजन नसतं. तू एवढं वजन त्यात घातलंस की मला भीती वाटायला लागली होती.

आता मी जे केलं ते सांगते. इथे ते कोणाला फारसं आवडलेलं नाही.

परत येण्याचं पान माझ्याकडे आलं तेव्हा पेन्सिलीत त्याचे तळहात कोरे होते. मला ते काढवेना. ज्या माणसाने बोगदा तोलून धरला, त्याचे हात असे कसे? मी शाई चढवताना दोन्ही तळहातांवर वण काढले. आडवे, खोल, लोखंडी तुळईची धार जिथे रुतली असेल तिथे. कोणाला विचारलं नाही. गिरवणाऱ्याने पेन्सिलीत नसलेलं काही काढायचं नसतं, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम आहे. सहा वर्षांत मी तो एकदाच मोडला.

संपादकांनी पान पाहिलं आणि बोलावून घेतलं. "हे काय?" मी म्हटलं, "त्याला लागलं होतं." ते म्हणाले, "वाचकांना तो नवा कोरा हवाय." मी म्हटलं, "नवा कोरा असेल तर तो तोच कशावरून?" त्यांनी थोडा वेळ विचार केला, हे मी त्यांच्या बाजूने सांगते. मग पांढरा रंग मागवला आणि स्वतःच्या हाताने माझे वण झाकले. छापलं गेलं ते तसं.

पण मूळ पानांपैकी काही पानं आम्हाला मिळतात. हे मी मागून घेतलं. सोबत पाठवतेय. चष्मिषला दे. तिला सांग, पान खिडकीच्या काचेवर धर आणि तळहातांकडे बघ. पांढऱ्या रंगाने शाई पुसली जात नाही, नुसती झाकली जाते. उजेडात सगळं दिसतं.

तुझ्या धड्यात कसं बसवायचं ते मला माहीत नाही. प्रभू उठला तेव्हा त्याच्या हातांत खिळ्यांच्या जागा तशाच होत्या, हे लहानपणी मला तूच सांगितलं होतंस. मी ते कुठून काढलं, हे संपादकांना कळलं नाही. तुला कळेल.

तुझी शाईबाई

२९ जून

ताई,

बाईंनी पान घरी आणून दिलं. काचेवर धरून तळहात बघ, एवढंच म्हणाल्या. मी त्यांना बसा म्हटलं नाही, तरी त्या जिन्यात बसून राहिल्या.

मी पान काचेवर धरलं. आधी काही दिसलं नाही, कारण ढग होते. मग ऊन आलं आणि दोन्ही हातांवर दिसलं. बाबांनापण दाखवलं. बाबांनी पान खूप वेळ धरून ठेवलं.

मला दोन प्रश्न आहेत. एक, छापलेला रखवालदार तोच आहे का दुसराच कोणी आहे? दोन, तुम्हाला ओरडा बसला का?

चष्मिष (माझं खरं नाव बाईंना माहीत आहे)

४ जुलै

प्रिय चष्मिष,

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. बसला. पुरेसा बसला. पण हाताला काही झालेलं नाही, शाई चढवतेय.

आता पहिल्याचं. मी काढला तो तोच होता. छापला तो, कोणाला काही लागलंच नव्हतं असं दाखवायला नीटनेटका केलेला. मी त्याच्यासाठी खूप काम केलंय आणि माझा तो लाडका आहे, पण एक गोष्ट तुला सांगायला हवी. त्याला परत आणणारे आम्ही चार जण एका टेबलाभोवती बसलो होतो, आणि आमच्यातल्या कोणालाही तुझ्या आईला परत आणता येत नाही. आणता आलं असतं तर तो अंक मी फुकट काढला असता. बाई तुला 'येणार नाही' म्हणाल्या ते रखवालदाराबाबतीत चुकलं, कारण मी त्यांना खरं कळू दिलं नाही. ती चूक माझी. तुझ्या आईबद्दल त्या जे म्हणाल्या, ते त्यांनी खूप जड मनाने आणि खरं सांगितलं.

ते पान तुझंच. परत पाठवू नकोस.

शाईबाई

२० जुलै

प्रिय शाईबाई,

प्रभूत सलाम. वर्ग राहिला. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील.

रविवारी तीन पंच आले, सेक्रेटरी मधोमध. मी नवं पातळ नेसले होते, अंगात नवं पोलकं. चष्मिष येईल की नाही याचा भरवसा नव्हता. मुलं बसली, दार लावणार एवढ्यात ती आली. बाप सोबत होता, तो मागे उभा राहिला. तिच्या बगलेत पुठ्ठ्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ती माझ्याकडे न बघता पुढच्या बाकावर बसली.

सुरुवात बरी झाली. गोट्याने शिष्यांची बाराही नावं एका दमात म्हटली. दोन नावं दोनदा म्हटली, पण बारा भरली. सेवा म्हणजे काय, असं एका पंचांनी विचारलं तर जुळ्यांपैकी धाकटीने रखवालदार लिफ्टमध्ये अडकलेल्या काजळ्याच्या आईला कसा पाणी देतो ते सांगितलं आणि लगेच प्रभूने शिष्यांचे पाय धुतले ते सांगितलं. मी काही इशारा केला नव्हता. पंचांनी मान डोलावली. माझी छाती फुगायला लागली.

तेव्हा सेक्रेटरी उठले. त्यांनी कॉमिक वाचलं होतं, शाईबाई! बेचाळिसावा अंक खिशातून काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "मुलांनो, हाही मेला आणि उठला. प्रभूही मेला आणि उठला. तुमच्या बाई दोन्ही एकत्र शिकवतात. तर मग फरक काय?" हाच तो प्रश्न, आणि त्याचं मी फळ्यावर मांडलेलं उत्तर पार खोटं पडलेलं. गोट्याने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

चष्मिष उभी राहिली. कोणी सांगितलं नव्हतं. तिने पुठ्ठा सोडला, पान काढलं आणि खिडकीपाशी जाऊन काचेवर धरलं. म्हणाली, "इकडे या, म्हणजे दिसेल." आणि अगं, तीन पंच उठून गेले! सेक्रेटरींनी चष्मा कपाळावर चढवला आणि वाकून पाहिलं.

ती म्हणाली, "याला लागलं होतं, पण त्यांनी ते झाकलं आणि नवा करून पाठवला. म्हणून तो मला ओळखू येत नाही. प्रभूने झाकलं नाही. त्याने हात पुढे केले आणि मित्रांना म्हटलं, बघा. ज्याला लागलं होतं तोच आला होता. हा फरक."

सेक्रेटरी काही बोलणार होते, पण तिचं संपलं नव्हतं. पुढे ती जे बोलली ते तिच्याच शब्दांत लिहिते, एकही शब्द माझा नाही.

"माझी आई लाँड्रीत इस्त्री करायची. तिच्या मनगटावर भाजल्याचा मोठा डाग आहे, पानासारखा. मी रोज प्रार्थनेत सांगते, तिला उठवशील तेव्हा बाकी सगळं बरं कर, ताप काढ, पाठ दुखते ती काढ, पण तो डाग ठेव. तिथे किती माणसं असतील. मी तिला ओळखणार कशी?"

मागे तिचा बाप तोंडावर हात धरून उभा होता. सेक्रेटरींनी अगदी हळू आवाजात विचारलं, "हे तुला बाईंनी शिकवलं का गं?"

"नाही," ती म्हणाली. "बाईंना तो डाग माहीतच नव्हता."

शाईबाई, एकतीस वर्षांत माझ्या वर्गातलं हे सगळ्यात मोठं उत्तर, आणि त्यात माझं काडीचंही श्रेय नाही. तरी मी अशी ताठ उभी होते की नव्या पोलक्याची पाठीमागची दोन बटणं तटकन उडाली. तिथल्या तिथे शिवून घेतली, आणि पुन्हा ताठ उभी राहिले.

तुझी आत्या